उमेदवार आदिवासी, पक्ष कोणाचा?

नंदुरबार लोकसभा मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर या चार जागा जिल्ह्यातल्या, साक्री आणि शिरपूर या दोन शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या. या सहाही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि लोकसभेची जागाही राखीव आहे. त्यामुळे इथे झेंडा कोणताही असो, उमेदवार आदिवासीच असतो. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, कोणत्या ना कोणत्या पाड्यावर वाढलेला, सभेत घरच्या बोलीत दोन वाक्ये सहज बोलणारा. एखादा पक्ष कोणत्या वर्गाचा हे ओळखायचे तर त्याचे पुढारी कोण आहेत ते बघावे, असा एक सोपा ठोकताळा चारचौघांत सांगितला जातो. नंदुरबारमध्ये तो पहिल्याच पायरीवर निकामी होतो.

हे स्मृतिव्याख्यान अंबरसिंग सुरतवंती यांच्यासाठी आहे, म्हणून हा प्रश्न घेतला. शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचा हा भिल्ल तरुण सर्वोदयाच्या कामातून वर आला. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणू लागले आणि १९७४ साली त्यांचे अकाली निधन झाले. हाताशी जेमतेम तीन-चार वर्षे होती. त्या काळात त्यांनी शहादा-तळोद्याच्या मजुरांना एक सवय लावली. कोण आपला हे ओळखताना नावाच्या किंवा जातीच्या आधी तो कोणत्या बाजूने उभा राहतो ते बघायचे. पुढचे सगळे विवेचन त्या सवयीच्या आधाराने केले आहे.

दुसरा ठोकताळा मतदारांचा. गरीब ज्याला मत देतात तो पक्ष गरिबांचा, असे मानायचे. या मतदारसंघाने १९६७ पासून २००९ पर्यंत प्रत्येक निवडणुकीत काँग्रेसचा खासदार निवडला. आणीबाणीनंतर १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेसचे पानिपत झाले, तरी नंदुरबार ढळले नाही. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा निवडून आले. इंदिरा गांधींपासून सोनिया गांधींपर्यंत काँग्रेसच्या राष्ट्रीय नेत्यांचे या जिल्ह्याशी नाते होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकाची देशव्यापी सुरुवात झाली तीही शहादा तालुक्यातल्या टेंभली या लहानशा गावातून, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. मग २०१४ साली भारतीय जनता पक्षाच्या हीना गावित लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या आणि २०१९ साली पुन्हा निवडून आल्या. २०२४ साली काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. दहा वर्षांत मतदार इकडून तिकडे गेले आणि परत आले. या दहा वर्षांत तोरणमाळच्या पायथ्याच्या मजुराची जमीन वाढली नाही आणि तापीकाठच्या बागायतदाराची घटली नाही. वर्ग जागेवर राहिला आणि मत हलले. तेव्हा मतावरून पक्षाचा वर्ग ठरवणे म्हणजे वाऱ्यावरून शेताची मालकी ठरवणे झाले.

माणसेही हलतात. विजयकुमार गावित १९९५ साली अपक्ष म्हणून विधानसभेत गेले, पुढे राष्ट्रवादीत राहिले आणि २०१४ साली भाजपत आले. आमश्या पाडवी शिवसेनेतर्फे २०२२ साली विधान परिषदेवर गेले, २०२४ च्या मार्चमध्ये एकनाथ शिंदे यांच्या पक्षात आले आणि त्याच वर्षी अक्कलकुव्यातून के. सी. पाडवी यांचा पराभव करून आमदार झाले. यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा न्यायनिवाडा करण्याचा हेतू नाही. एकच गोष्ट ध्यानात घ्यायची आहे. तोच पुढारी, तेच कार्यकर्ते, तीच गावोगावची माणसे एका पक्षातून दुसऱ्यात सहज मावत असतील, तर त्या दोन पक्षांमधला फरक माणसांत सापडणार नाही. तो दुसरीकडे शोधावा लागेल.

हा शोध जगात फार जुना आहे. मार्क्सने १८५२ साली फ्रान्समधल्या घडामोडींवर लिहिताना एक सूक्ष्म मुद्दा मांडला. छोट्या दुकानदारांच्या वर्गाचे राजकीय प्रतिनिधी स्वतः दुकानदार असतीलच असे नाही. शिक्षणाने आणि राहणीने ते त्यांच्यापासून कोसभर दूर असू शकतात. दुकानदाराचे आयुष्य ज्या मर्यादेपाशी थांबते, त्याच मर्यादेपाशी त्यांचा विचार थांबतो, आणि म्हणून ते त्या वर्गाचे प्रतिनिधी ठरतात. ऑगस्ट १९२० मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या महाअधिवेशनात लेनिनपुढे हाच प्रश्न ब्रिटिश मजूर पक्षाच्या निमित्ताने आला. त्या पक्षात लाखो कामगार होते, कामगार संघटना त्याच्या सभासद होत्या, मग तो कामगारांचा पक्ष का नव्हे? लेनिनचे उत्तर असे होते की सभासद कामगार असणे पुरेसे नाही. नेतृत्व कोण करते आणि त्या पक्षाच्या कृतीत, डावपेचांत नेमके काय असते, यावर ते ठरते. या कसोटीवर त्याने मजूर पक्षाला भांडवली पक्षांत जमा केले. आणि तरीही ब्रिटिश कम्युनिस्टांनी त्या पक्षाशी संलग्न व्हावे असा सल्ला त्याने त्याच भाषणात दिला. हा दुसरा भाग बहुतेक लोक विसरतात. पक्ष कोणाचा हे ओळखणे हे एक काम आहे. त्याच्याबरोबर चालायचे की नाही हे ठरवणे हे वेगळे काम आहे.

महाराष्ट्राला ही कसोटी समजायला मॉस्कोपर्यंत जायची गरज नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. खंड कमी करणे, कर्जाचा बोजा हलका करणे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी देणे, असा शेतीविषयक कार्यक्रम तिथे मंजूर झाला. सात महिन्यांत मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोतीपद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळे मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून आली. ते विधेयक पुढे सरकले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर. त्याच मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचा कायदा मात्र १९३८ सालीच आणला. संपापूर्वी सक्तीच्या वाटाघाटी आणि त्या टाळून केलेला संप बेकायदा, असे त्याचे स्वरूप होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी त्याविरुद्ध एकत्र संप केला. कुळाचे काम थांबले आणि गिरणीमालकाचे काम झाले. फैजपूरचा ठराव ज्यांनी लिहिला ते खोटारडे होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या पक्षात कूळही होते, जमीनदारही होता, गिरणी कामगार होता आणि गिरणीमालकही होता. सगळे जण एका मांडवाखाली असेपर्यंत पक्षाचा वर्ग दिसत नाही. त्यांच्यातल्या दोघांचे हितसंबंध एकमेकांवर आदळले आणि कोणाला तरी थांबवावेच लागले, म्हणजे तो दिसतो.

ही कसोटी शहाद्याला लावून बघण्यासारखी आहे, कारण असा आदळण्याचा क्षण शहाद्याइतका उघडपणे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आला.

तापी आणि गोमाईच्या खोऱ्यातली काळी जमीन एकेकाळी मोठ्या प्रमाणात भिल्लांकडे होती. इंग्रजी अमलात मोजणी झाली, सारा रोख भरावा लागू लागला, सावकार आला, आणि पिढी-दोन पिढ्यांत जमीन कर्जापायी गेली. गुजर शेतकऱ्यांनी ती कसली, विहिरी पाडल्या, कापूस, ऊस, केळी आणली. त्यांच्या कष्टाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याची जमीन होती तो त्याच जमिनीवर सालदार झाला, हेही तितकेच खरे. आखाजीला साल ठरायचे, वर्षभराची मजुरी ठरायची, थोडी उचल मिळायची, आणि पुढच्या आखाजीला उचल फिटलेली नसायची. पिकांची चोरी होते म्हणून बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या आणि त्यांचे रखवालदार नेमले. चोरीचा संशय आला की मार आदिवासीच्या पाठीवर पडे. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला धान्यासाठी आलेल्या भुकेल्या आदिवासींवर हल्ला झाला, गोळीबार झाला, आणि वर दरोड्याचे गुन्हेही आदिवासींवरच लागले. त्यानंतर ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. अंबरसिंगांबरोबर पुण्या-मुंबईहून आलेले शिकलेले तरुण काम करू लागले. आयआयटीतून अभियंता होऊन आलेले कुमार शिराळकर त्यांतलेच. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या साध्या होत्या. गेलेली जमीन परत करा, सालदाराची मजुरी वाढवा, दुष्काळात काम द्या, रखवालदारांचा जाच बंद करा. बायांनी त्यात आणखी एक मागणी घातली आणि ती स्वतःच्या हाताने अमलात आणली. गावोगाव जाऊन दारूचे मडके फोडले. दारू सोडण्याची हाक या भागाला नवी नव्हती. १९३० च्या दशकात गुलाम महाराजांच्या आप धर्माच्या आरत्यांना सातपुड्यातले हजारो भिल्ल जमत, तेव्हाही ती दिली गेली होती.

त्या वेळी मुंबईत सरकार वसंतराव नाईकांचे होते. नाईक स्वतः बंजारा समाजातून आलेले. त्यांच्या पक्षाचा ग्रामीण कणा सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, खरेदी-विक्री संघ यांच्या संचालकांचा, म्हणजे बागायतदार शेतकऱ्यांचा होता. आणि शहादा-तळोद्यातले आदिवासी हे त्याच पक्षाचे मतदार. एकाच पक्षाचे दोन आधार एकाच बांधावर समोरासमोर उभे ठाकले. पक्षाने काय केले?

त्याने कायदे केले, आणि ते लहानसहान नव्हते. १९७४ साली जमीन महसूल संहितेत दुरुस्ती होऊन आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर कडक बंधने आली. आदिवासींना जमिनी प्रत्यार्पित करण्याचा कायदा त्याच वर्षाच्या नावाने निघाला आणि १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन, कायदेशीर खरेदीने गेलेली असली तरी, मूळ मालकाला परत मागता येईल अशी तरतूद त्यात होती. खरेदीखत पक्के असतानाही जमीन परत द्यायची ही कल्पना मालमत्तेच्या प्रस्थापित विचाराला छेद देणारी होती. कमाल जमीनधारणेची मर्यादा खाली आणली गेली. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, कोरडवाहूला ५४ एकर. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि २६ जानेवारी १९७९ पासून कामाचा हक्क देणारा कायदा अमलात आला. देशात तोपर्यंत असे कोणी केले नव्हते.

मग हा पक्ष आदिवासी मजुराचा म्हणायचा का? इथे घाईने हो किंवा नाही म्हणणारे दोघेही चुकतात. कायदा ओळीओळीने वाचावा लागतो. प्रत्यार्पणाला १९५७ ही खालची मर्यादा घातली, आणि शहाद्यातली बहुतेक जमीन तर त्याच्या कितीतरी आधी, आजोबा-पणजोबांच्या काळात गेलेली. ६ जुलै १९७४ पूर्वी जी जमीन बिगरशेतीकडे वळली ती वगळली. परत मिळणाऱ्या जमिनीसाठी आदिवासीलाच पैसे भरायचे होते. निर्णय तहसील कचेरीत, आणि तिथल्या निर्णयावर अपील. रोजगार हमीकडेही याच नजरेने पाहावे. तिचा पैसा मुख्यतः शहरांतल्या व्यवसाय करातून आला. तिने मजुराला उन्हाळ्यात काम दिले, स्थलांतर काहीसे थोपवले, आणि मजुरीच्या दराला खालून टेकू दिला. त्यामुळे बागायतदार कुरकुरला हे खरे. पण बांधाला तिने हात लावला नाही. जमिनीचा प्रश्न मजुरीकडे वळवला आणि मजुरीचे बिल शहराकडे पाठवले. मोर्चाच्या दाबाखाली पक्ष आपल्या बड्या शेतकऱ्यापासून किती अंतर राखू शकतो, ते अंतर या कायद्यांच्या कलमांत मोजता येते. आणि दाब सैल झाल्यावर तो किती मागे सरकतो, ते तहसील कचेरीत मोजता येते.

या व्याख्यानाचे मुख्य म्हणणे एवढेच आहे. पक्षाचे वर्गचारित्र्य तो कोणाला काय कबूल करतो यात कमी आणि तो कोणाला वाट बघायला लावतो यात जास्त दिसते. कबूल सगळ्यांना सगळेच केले जाते. पण दिवस, पोलीस, कारकून, निधी हे मोजके असतात. ते कोणाच्या कामाला आधी लागतात आणि कोणाच्या कामाला पुढच्या तारखेला, यातून पक्ष स्वतःची ओळख पटवून देतो.

वनहक्काचे उदाहरण बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करण्याचे वचन दिले. कायदा काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारने, डाव्यांच्या पाठिंब्याच्या काळात केला. त्यानंतर राज्यात आघाडी, युती, महाविकास आघाडी, महायुती असे सगळे प्रकार होऊन गेले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत किसान सभेचा लाँग मार्च निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसंघर्ष मोर्चाचे आदिवासी पुन्हा मुंबईत चालत आले. दोन्ही वेळा मागण्यांत वनपट्टा होता. मुंबईत लेखी आश्वासने मिळाली, ती प्रामाणिकही असतील. पण ज्या कामासाठी एकाच वर्षात दोनदा पायाला फोड यावे लागतात, ते काम करणाऱ्याच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे हे वेगळे सांगायला नको. याच काळात एखाद्या महामार्गाचे भूसंपादन किती महिन्यांत पुरे होते, त्याची तुलना कोणीही करून पाहावी.

आणि खाते कोणाकडे होते तेही नोंदवले पाहिजे. २०१९ ते २०२२ या काळात आदिवासी विकास मंत्री के. सी. पाडवी होते, अक्कलकुव्याचे. २०२२ ते २०२४ विजयकुमार गावित होते, नंदुरबारचे. एका पाठोपाठ दोन परस्परविरोधी सरकारांत हे खाते याच जिल्ह्याच्या आदिवासी पुढाऱ्यांच्या हाती राहिले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती आणि ती राज्यात सर्वांत कमी होती. हे त्या दोघांचे वैयक्तिक अपयश म्हणून सांगितलेले नाही. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, आदिवासी कुटुंबांना ४००० रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले. निम्मे रोख, निम्मे वस्तूंच्या रूपात. वस्तू म्हटल्या की निविदा आली, पुरवठादार आला, आणि भुकेच्या वर्षाची मदत हाती पडायला २०२१ चा पावसाळा उजाडला. मंत्री पाड्यातला असला तरी पाड्यातल्या बाईच्या हातात चार हजार रोख द्यावेत, एवढा विश्वास व्यवस्थेने टाकला नाही. निम्म्या पैशावर तिने व्यापाऱ्याला मध्ये उभे केले. विचार कोणत्या मर्यादेपाशी थांबतो, असे मार्क्सने जे म्हटले ते हेच.

राखीव जागांच्या या जिल्ह्यात राखीव नसलेल्या सत्तेकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यायला हवे. साखर कारखान्याचे संचालक भागधारक निवडतात, आणि भागधारक म्हणजे ऊस उत्पादक. सहकारी बँक, बाजार समितीतले व्यापारी आणि अडत, या ठिकाणी पाड्यावरच्या मजुराला मतच नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या बघाव्यात. लाल गालिचे पसरल्यासारख्या त्या दिसतात, वर्तमानपत्रे दरवर्षी फोटो छापतात. त्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचा दर कोण ठरवते आणि तिच्या डोळ्यांची, श्वासाची काळजी कोणाची, यावर कोणत्या पक्षाने कधी भूमिका घेतली हे विचारले तर उत्तर शोधावे लागते. दिवाळी झाली की नवापूर, अक्कलकुव्याकडून ट्रक भरभरून माणसे कोयता घेऊन बारडोली-सुरतेच्या उसाकडे जातात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या खानदेशी तोडणी मजुरांवर लिहिले, तेव्हापासून हे जगजाहीर आहे. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पोरे उसाच्या फडात वाढतात. गुजरातच्या पक्षांच्या दृष्टीने हे मजूर मतदार नव्हेत. महाराष्ट्राच्या पक्षांच्या दृष्टीने त्यांचा मालक दुसऱ्या राज्यातला. दोन राज्यांच्या सीमेवर एक अख्खा वर्ग असा पक्षाविना उरतो, आणि दोन्हीकडचे पक्ष त्याला आपला मानतात ते मतदानाच्या दिवसापुरते.

पैशाची बाजू थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि हिशेब बाहेर आला. एप्रिल २०१९ नंतरच्या काळात भाजपने ६००० कोटींहून अधिक, काँग्रेसने १४०० कोटींहून अधिक रुपयांचे रोखे वटवले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतलेच नाहीत आणि न्यायालयातही तो त्याविरुद्ध लढला. ही आकडेवारी महत्त्वाची आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. पैसा कोणाकडून आला यावरून पक्ष कोणाला नाही म्हणू शकणार नाही हे कळते. तो कोणाला हो म्हणेल हे त्यावरून कळत नाही.

डाव्यांनाही हीच कसोटी लावायला हवी, आणि त्यांनी ती स्वतःला लावल्याचा इतिहास महाराष्ट्रात आहे. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या शेतकरी कामगार पक्षाने १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला आपला प्रबंध मंजूर केला आणि मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारल्याचे जाहीर केले. पक्षाने आपले वर्गचारित्र्य ठरावाने ठरवल्याचे हे विरळ उदाहरण. पण पुढच्या काही वर्षांत जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. ठरावाने वर्ग बदलत नाही. सभासद ज्या बांधावर उभे असतात तो बांध ठरावापेक्षा जड भरतो.

धुळ्याच्या कॉ. शरद पाटलांनी हा प्रश्न आणखी खोलात नेला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहून त्यांनी याच पट्ट्यातल्या आदिवासींमध्ये काम केले होते. पक्ष जातीचा प्रश्न हाती घेत नाही म्हणून १९७८ साली ते बाहेर पडले आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र आणणारी त्यांची मांडणी ग्रंथालयात सुचली असे म्हणता येत नाही. शहाद्याच्या शेतावर मालक आणि मजूर हे दोन वर्ग आहेत, तसेच ते दोन समाजही आहेत. पाणवठा वेगळा, बोली वेगळी, पोलीस पाटील कोणाचा हेही ठरलेले. इथे फक्त वर्ग मोजणारा अर्धेच मोजतो आणि फक्त जमात मोजणारा उरलेले अर्धे. राखीव जागेचे राजकारण जमात मोजते आणि तिथेच थांबते. पाटलांचे सगळे सिद्धांत मान्य करण्याची गरज नाही, पण त्यांचा हा धडा टाळून नंदुरबारमध्ये पक्ष ओळखता येत नाही.

आणखी एक आक्षेप आतूनच आला. श्रमिक संघटनेत घडलेले भिल्ल कार्यकर्ते आणि कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मराठीत सर्वपरिचित आहे. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगणारे लोक स्टेजवर आणि ज्यांचे दुःख ते खाली, हे तिने दाखवले. तिचा रोख शत्रूंकडे नव्हता, मित्रांकडे होता. म्हणून ती जास्त लागते. शिराळकरांसारख्या माणसाने अख्खे आयुष्य या भागात घालवले, शेतमजुरांत राहून काम केले आणि २ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा गावेच्या गावे हळहळली. त्यांच्या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावे. आणि तरीही विचारावे की चळवळीच्या निर्णयाच्या बैठकीत, आकडे आणि कायदा ज्या भाषेत बोलले जातात त्या भाषेत, पाड्यावरचा माणूस किती बोलला. नेतृत्व कोण करते ही लेनिनची कसोटी वाहरूंनी स्टेजच्या उंचीवर आणून ठेवली.

काही प्रश्नांवर मात्र पक्षांमधले फरकच मिटतात, आणि तेव्हा वर्गचारित्र्य एका पक्षाचे न राहता राज्याचे होते. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली, पहिले मणिबेली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा आणि २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यातून पाव दशलक्ष मिळाले. बुडाले नंदुरबारचे डोंगर, वीज गेली राज्याच्या तारांत. या काळात मुंबईत काँग्रेस होती, १९९५ नंतर युती होती, मग काँग्रेस-राष्ट्रवादी, मग पुन्हा भाजप-शिवसेना. विरोधात असताना यांतल्या कोणी ना कोणी विस्थापितांच्या बाजूने बोलले. सत्तेत आल्यावर धरणाची उंची रोखण्यासाठी राज्याचे वजन कोणीही वापरले नाही. विस्थापितांना जमीन मिळाली ती त्यांनी काठावर, कचेरीसमोर आणि न्यायालयात तीन दशके ठाण मांडल्यामुळे.

आता एक काम या सभागृहातल्या विद्यार्थ्यांसाठी. १९७५ पासून लागू झालेल्या कायद्याखाली शहादा आणि तळोदा तहसीलमध्ये चाललेल्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणांची दप्तरे असली पाहिजेत. अर्जदाराचे नाव, कब्जेदाराचे नाव, गट नंबर, आदेशाची तारीख, अपिलाची तारीख. ती माहितीच्या अधिकारात मागावीत. मग एकेक गाव घेऊन त्या गटावर जावे आणि आज तिथे नांगर कोणाचा चालतो ते बघावे. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि बांधावर बैल दुसऱ्याचे, असे किती ठिकाणी आहे ते लिहून काढावे. आदेश निघाल्यापासून ताबा मिळेपर्यंत किती वर्षे गेली ते प्रत्येक ओळीपुढे मांडावे, आणि त्या वर्षांत तालुक्याचा आमदार, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि कारखान्याचा चेअरमन कोणत्या पक्षाचा होता तेही. पाडळद्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.